परदेशी विद्यापीठातील मराठी कपाट वाचकांपर्यंत नेताना: नव्या ग्रंथपालांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात दक्षिण आशियाई संग्रहाची जबाबदारी ज्यांच्याकडे नुकतीच आली आहे, किंवा तिथे साहाय्यक म्हणून जे नव्याने रुजू झाले आहेत, अशा मराठी भाषकांसाठी हा लेख आहे. ग्रंथालयशास्त्राची पदवी पुण्यात घेतलेली असो, नागपुरात असो वा अमेरिकेत, एक गोष्ट कुठल्याच वर्गात नीट शिकवली जात नाही: जी भाषा आवारातले मोजके लोक वाचू शकतात, त्या भाषेतली हजारो पुस्तके वापरात कशी आणायची. मी हे काम मध्य-पश्चिमेतल्या एका विद्यापीठात अनेक वर्षे करत आहे, आणि त्यांपैकी पहिली दोन वर्षे मी ते उलट्या क्रमाने केले. आधी प्रदर्शने मांडली, भित्तिपत्रके लावली, दिवाळीचा फराळ ठेवला. फराळ संपला, पुस्तके जिथल्या तिथे राहिली. पुढे दिलेला क्रम त्या दोन वर्षांतून आलेला आहे. येथे उदाहरणे मराठीची असली, तरी तेलुगू, नेपाळी किंवा सिंहली संग्रह हाताशी असलेल्यांनाही पायऱ्या याच लागू पडतील.

१. संग्रह आधी स्वतः पाहा

पहिले दोन आठवडे संगणकासमोर बसण्याऐवजी कपाटांसमोर उभे राहावे. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या वर्गीकरणात मराठी भाषा आणि साहित्य ‘पीके’ वर्गात २३५० या क्रमांकाच्या पुढे लागते. मात्र आपली पुस्तके तेवढ्याच फळ्यांवर आहेत असे समजू नये. संतवाङ्मयावरचे ग्रंथ ‘बीएल’मध्ये, मराठ्यांचा इतिहास ‘डीएस’मध्ये, नाट्यसंगीत ‘एमएल’मध्ये आणि ऊसशेतीवरची पुस्तिका ‘एस’मध्ये असू शकते. हे विखुरलेपण नवख्या माणसाला त्रासदायक वाटते, परंतु पुढे वेगवेगळ्या विभागांच्या दारात जाताना तेच उपयोगी पडते.

संग्रहाचा इतिहासही माहीत असायला हवा, कारण प्राध्यापक आणि विद्यार्थी सर्वांत आधी हाच प्रश्न विचारतात की इतकी मराठी पुस्तके इथे आली कशी. अमेरिकेत १९५४ साली झालेल्या ‘पब्लिक लॉ ४८०’ या कायद्यान्वये भारताला गहू मिळाला आणि त्याची किंमत रुपयांत चुकती झाली. ते रुपये भारतातच खर्च करायचे होते. १९५८च्या दुरुस्तीने त्यांतला काही भाग पुस्तकखरेदीसाठी वापरण्याची मुभा दिली, आणि १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतील पुस्तके अनेक प्रतींत विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. आपल्या आईवडिलांच्या पिढीने रेशनच्या दुकानासमोर रांगेत उभे राहून जो लाल गहू आणला आणि ज्याच्या पोळ्यांना नावे ठेवली, त्याच व्यवहाराच्या पैशातून कादंबऱ्या, कवितासंग्रह आणि तालुक्याच्या गावी छापलेली स्मरणिका-पुस्तकेही समुद्रापार गेली. रुपयांची ती गंगाजळी आटल्यानंतर तेच कार्यालय सहकारी तत्त्वावर, ग्रंथालयांकडून डॉलर घेऊन, खरेदी करू लागले. म्हणूनच अनेक संग्रहांत साठ-सत्तरच्या दशकांतले साहित्य भरभरून असते आणि नंतरच्या काळात खरेदी त्या त्या ग्रंथालयाच्या ऐपतीनुसार कमी-जास्त झालेली दिसते.

सापळा येथे असा आहे की यांतली बरीच पुस्तके एकाच रंगाच्या जाड कापडी बांधणीत असतात. मूळ मुखपृष्ठ गेलेले असते आणि पाठीवर केवळ वर्गांक किंवा रोमन लिपीतले आखडलेले शीर्षक असते. शिवाय कित्येक वर्षे कोणी नेले नाही म्हणून अर्धा संग्रह शहराबाहेरच्या साठवण केंद्रात हलवलेला असू शकतो. जे पुस्तक फळीवर नाही ते चाळताना सहज हाती लागत नाही, म्हणून ते कोणी नेत नाही, आणि कोणी नेत नाही म्हणून ते परत फळीवर येत नाही. पाहणीच्या शेवटी एका पानाची टिपण तयार करावी: कोणत्या दशकातली पुस्तके जास्त, कोणते विषय भक्कम, कोठे खिंडार, आणि कोणती दहा पुस्तके एखाद्याला हातात देण्याजोगी आहेत.

२. तालिकेतल्या (कॅटलॉगमधल्या) नोंदी तपासा, मगच कोणाला बोलवा

माझ्या मते प्रसाराचे निम्मे काम या पायरीवरच होते, आणि बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात.

माझ्या दुसऱ्या सत्रात नाट्यशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी मला सांगितले की ग्रंथालयात विजय तेंडुलकरांची मराठी पुस्तके नाहीत. ती होती, फळीभर होती. प्राध्यापकांनी आडनाव वर्तमानपत्रात छापतात तसे इंग्रजी स्पेलिंग करून टाकले होते, आणि आमच्या बऱ्याच नोंदी लिप्यंतराच्या नियमांनी केलेल्या होत्या. अमेरिकन ग्रंथालयांत मराठीचे रोमन लिप्यंतर ठरावीक तक्त्यानुसार होते आणि त्यात आपण बोलताना गिळतो तो अकारही लिहिला जातो. ‘तेंडुलकर’मधला ल, क आणि र हे तिन्ही पूर्ण, अकारासह दाखवले जातात. ‘च’साठी इंग्रजीतले ‘सी’ हे एकच अक्षर येते. सवयीने ‘सीएच’ लिहिले, तर त्या तक्त्यानुसार त्याचा अर्थ ‘छ’ होतो. ‘ळ’ आणि ‘ण’ यांच्याखाली टिंब असते. हे नियम कोणत्याही वाचकाला पाठ नसतात, आणि मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला तर ते सर्वांत जास्त चकवतात, कारण आपल्याला स्पेलिंग येते अशी त्याची खात्री असते.

यावर उपाय तीन. पहिला उपाय म्हणजे वीस नावांची एक चाचणी-यादी करणे. लेखक, कादंबऱ्या, नियतकालिके आणि गावे यांची सर्वपरिचित नावे घ्यावीत आणि प्रत्येक नाव देवनागरीत, रोजच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आणि नियमबद्ध लिप्यंतरात असे तीन प्रकारे शोधून निकाल लिहून ठेवावा. दुसरा उपाय नोंदींत देवनागरी आहे का ते पाहण्याचा. मार्क या संगणकीय ग्रंथनोंदींच्या ठरावीक साच्यात मूळ लिपीतला मजकूर ८८० क्रमांकाच्या क्षेत्रात राहतो. यंत्रणांना देवनागरी पेलता येण्यापूर्वी केलेल्या जुन्या नोंदींत ते क्षेत्रच नसते. सगळ्या नोंदी सुधारणे एका माणसाच्या आवाक्यातले नाही, आणि तालिकाकारांकडे तशी मागणी घेऊन गेल्यास नम्र नकार मिळेल. त्याऐवजी ज्या पन्नास-साठ पुस्तकांची येत्या सत्रात गरज पडणार आहे, त्यांचीच यादी द्यावी. अशी मोजकी मागणी मान्य होते, हा माझा अनुभव आहे. तिसरा उपाय म्हणजे लिप्यंतराचे नियम एका लहान कार्डावर सोप्या भाषेत छापून संदर्भ टेबलावर ठेवणे. माझ्या सगळ्या भित्तिपत्रकांनी मिळून जेवढे काम केले नाही, तेवढे त्या कार्डाने केले.

३. हाताशी ठेवायची कागदपत्रे आणि साधने

पहिल्या बैठकीला जाण्याआधी पुढील गोष्टी तयार असाव्यात.

• वर सांगितलेली एका पानाची संग्रह-टिपण आणि चाचणी-यादीचे निकाल.

• ग्रंथालयाचे लेखी संग्रहधोरण आणि देणगीधोरण. ही दोन्ही बहुधा संकेतस्थळावर असतात, पण छापील प्रत पिशवीत असलेली बरी. ती का, ते पाचव्या पायरीत येईल.

• चालू आणि पुढच्या सत्राचे अभ्यासक्रम-वेळापत्रक.

• विषय-मार्गदर्शिकेचे पान. बहुतेक विद्यापीठांत ते लिबगाइड या अशी पाने बनवण्याच्या प्रणालीवर असते. त्यावर पन्नास दुवे चिकटवू नयेत, आठ-दहा पुरेत. शिकागो विद्यापीठाने संगणकावर आणलेले दोन कोश, मोल्सवर्थचा १८५७च्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, त्यांत असलेच पाहिजेत, तसेच जेस्टोर या शोधनिबंधांच्या ऑनलाइन भांडारात विनामूल्य असलेले दक्षिण आशियाई मुक्त अभिलेखही. हाथी ट्रस्ट या ग्रंथालयांच्या सामायिक डिजिटल संग्रहात पुस्तकांच्या आतल्या मजकुरात शोध घेता येतो, पण देवनागरी पानांचे यांत्रिक वाचन चुकू शकते, हे दुव्याशेजारीच लिहावे.

• आंतरग्रंथालयीन देवघेवीची पद्धत सांगणारे चार ओळींचे टिपण. आपल्याकडे नसलेले पुस्तक शिकागो किंवा विस्कॉन्सिनमधून मागवता येते, हे पुष्कळ विद्यार्थ्यांना पदवी हाती येईपर्यंत कळत नाही.

४. शिक्षक गाठा, आणि वेळेवर गाठा

मराठी भाषा नियमितपणे शिकवणारी अमेरिकन विद्यापीठे फार थोडी आहेत. शिकागो हे त्यांतले प्रमुख. त्यामुळे ‘मराठीचे विद्यार्थी’ शोधत बसल्यास आपला वाचकवर्ग एका हाताच्या बोटांवर संपेल. शोध विषयाचा घ्यावा. जातिव्यवस्थेवर शिकवणारे समाजशास्त्रज्ञ, भक्तिसंप्रदायावर शिकवणारे धर्म-अभ्यासक, शहरांचा इतिहास शिकवताना गिरणगावापर्यंत येणारे इतिहासकार, भाषांतराची कार्यशाळा घेणारे तौलनिक साहित्याचे शिक्षक, दुष्काळ आणि पाणी यांवर काम करणारे कृषी-अर्थशास्त्रज्ञ, हे सर्व आपले संभाव्य वाचक आहेत, जरी त्यांना मराठीचे एक अक्षर वाचता येत नसले तरी.

आंबेडकर हा यांतला सर्वांत उघडा दरवाजा आहे. ते १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथल्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केल्यानंतर आवारांतून या विषयाची विचारणा वाढली. इंग्रजीत आंबेडकर वाचणाऱ्या वर्गाला हे माहीत नसते की त्यांची ‘मूकनायक’ (१९२०) आणि ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) ही पत्रे मराठीत होती. त्यांचे एक पुनर्मुद्रित पान वर्गात दाखवले की मराठी मजकुराची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

वेळेचे भान मात्र ठेवावे. येथे पहिले सत्र ऑगस्टच्या अखेरीस आणि दुसरे जानेवारीत सुरू होते, आणि अभ्यासपत्रिका (सिलॅबस) त्याआधी महिनाभर तरी ठरलेली असते. म्हणून पत्र जुलैच्या सुरुवातीला किंवा नोव्हेंबरच्या मध्यावर जायला हवे. सप्टेंबरात पाठवलेले पत्र म्हणजे वरातीमागून घोडे. पत्र लहान असावे: तुमच्या अमुक अभ्यासक्रमातल्या अमुक आठवड्यासाठी आमच्याकडे या तीन वस्तू आहेत, आणि त्या मी वर्गात पाऊण तास घेऊन येऊ शकते, एवढेच. ‘आमच्या समृद्ध संग्रहाचा लाभ घ्यावा’ अशा पत्राला मला आजवर एकही उत्तर आलेले नाही.

वर्गात गेल्यावर यंत्रणेचे प्रात्यक्षिक शेवटी ठेवावे आणि आधी वस्तू हातात द्याव्यात. मराठी न येणाऱ्या वर्गासाठी दिवाळी अंकांचा मला फार उपयोग झाला. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, आणि एका सणाभोवती कथा, कविता, चित्रे आणि जाहिराती यांचा वर्षातून एकदा एवढा मोठा ढीग छापणारी ही परंपरा अजून चालू आहे, ही गोष्टच अमेरिकन विद्यार्थ्याला नवलाची वाटते. आमच्याकडे सत्तरच्या दशकातले काही अंक मुखपृष्ठांसह टिकले आहेत. मी ते तीन-तीनच्या गटांना देते आणि फक्त जाहिराती पाहायला सांगते: कोणती वस्तू, कोणासाठी, चित्रात बाई काय करते आहे, इंग्रजी शब्द कोठे आले आहेत. लिपी न वाचता येणारा विद्यार्थीही वीस मिनिटांत पाच-सहा नेमकी निरीक्षणे करतो, आणि मग ‘इथे काय लिहिले आहे’ असे स्वतःहून विचारतो. त्या प्रश्नानंतर कोश दाखवावा, लिप्यंतराचे कार्ड वाटावे. वर्गात एखादा मराठी विद्यार्थी असल्यास त्याला दुभाषा करून उभे करू नये. तो अनेकदा इथेच जन्मलेला असतो, घरी मराठी ऐकतो पण वाचू शकत नाही, आणि सर्वांदेखत त्याची ती अडचण उघडी पडते. ही चूक मी एकदा केली. तो मुलगा पुन्हा ग्रंथालयात दिसला नाही.

५. भागीदार निवडा आणि कोण काय करणार ते लिहून ठेवा

आवारातले नेहमीचे भागीदार म्हणजे दक्षिण आशिया अभ्यास केंद्र, भाषा विभाग, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय, संग्रहालय आणि विद्यार्थी संघटना. केंद्राकडे पाहुणे आणि थोडा निधी असतो, कार्यालयाकडे सर्व परदेशी विद्यार्थ्यांपर्यंत पोचणारी टपालयादी असते, विद्यार्थ्यांकडे उत्साह आणि सत्रपरीक्षेच्या आठवड्यात अचानक येणारी अनुपस्थिती असते. ग्रंथालय जागा आणि पुस्तके देते. कोणाची जबाबदारी कोणती, खर्च कोणाच्या खात्यावर आणि भित्तिपत्रकावर नावे कोणत्या क्रमाने, हे एका पानावर लिहून सर्वांची ईमेलने संमती घ्यावी. संघराज्याच्या निधीवर चालणाऱ्या केंद्राने तोंडी आश्वासन दिले तरी, पैसा प्रत्यक्ष मंजूर होईपर्यंत वक्त्याचे विमानतिकीट काढू नये.

गावातले महाराष्ट्र मंडळ आणि त्याची रविवारची मराठी शाळा हे आवाराबाहेरचे सर्वांत आपुलकीचे भागीदार, आणि सर्वांत मोठा सापळाही तिथेच. आपण मराठी ग्रंथपाल आहोत हे कळताच कोणीतरी काका किंवा काकू गाडीच्या डिकीतून पुस्तकांची चार खोकी घेऊन येतात. त्यांनी ती तीस वर्षे जपलेली असतात, मुले मराठी वाचत नाहीत, घर लहान करायचे असते. त्यांना नाही म्हणणे जड जाते. परंतु त्या खोक्यांतली बहुतेक लोकप्रिय पुस्तके ग्रंथालयात आधीच असतात, आणि एकदा स्वीकारलेली खोकी तालिकाकाराच्या टेबलाखाली वर्षानुवर्षे राहतात. अशा वेळी पिशवीतली देणगीधोरणाची प्रत कामी येते. प्रथम यादी मागावी, तालिकेशी ताडावी आणि नसलेलीच पुस्तके घ्यावीत. मंडळांच्या स्मरणिका, स्नेहसंमेलनांच्या पत्रिका, इथल्या नाट्यप्रयोगांची छायाचित्रे, पहिल्या पिढीची पत्रे हे मात्र आवर्जून मागावे, कारण ते दुसऱ्या कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही; त्यासाठी विद्यापीठाच्या अभिलेखागाराला सोबत घ्यावे. दिलेल्या पुस्तकांची किंमत आपण कधीही लिहून देऊ नये. करसवलतीसाठी मूल्यांकन करून घेणे हे देणाऱ्याचे काम आहे, स्वीकारणाऱ्या संस्थेचे नव्हे.

मतभेदांचीही तयारी ठेवावी. जातीवरच्या प्रदर्शनाला समाजातूनच आक्षेप येऊ शकतो, नकाशातल्या सीमेवरून वाद होऊ शकतो, ‘भारत’ की ‘दक्षिण आशिया’ असा प्रश्न विचारला जातो. निवडीचे निकष आधी लिहिलेले असले की उत्तर शांतपणे देता येते, आणि वरिष्ठांना आक्षेप आल्यानंतर नव्हे, तर प्रदर्शन लागण्याआधी सर्व दाखवलेले असावे.

६. कार्यक्रम मोजके करा

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आपल्याला सोयीचा आहे. २१ तारखेला आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन असतो, २७ला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, आणि दोन्ही दिवस सत्राच्या मध्यावर, परीक्षांपासून दूर येतात. २१ला सर्व भाषांचे मिळून वाचन ठेवल्यास बंगाली, नेपाळी, कोरियन संग्रहांचे सहकारी बरोबर येतात; एकट्या मराठीसाठी जमणारे बारा श्रोते तिथे साठ होतात. मराठी विकिपीडियाची संपादन-कार्यशाळाही जमते, कारण त्यात पुस्तक उघडून संदर्भ द्यावाच लागतो. चित्रपट दाखवायचा असल्यास जाहीर प्रदर्शनाचा परवाना लागतो. वर्गातल्या अध्यापनासाठी मिळणारी सूट खुल्या कार्यक्रमाला लागू होत नाही, आणि ग्रंथालयाकडे तबकडी आहे म्हणजे परवाना आहे असे नव्हे. खाद्यपदार्थ दुर्मिळ पुस्तकांच्या खोलीबाहेर ठेवावेत.

७. नोंद ठेवा

वर्षअखेरीस वरिष्ठ आकडे मागतात. केवळ घरी नेलेल्या पुस्तकांचा आकडा दिल्यास मराठी संग्रह नेहमीच निकामी दिसेल. म्हणून ग्रंथालयातच चाळून टेबलावर ठेवलेली पुस्तके, वर्गसत्रे, आंतरग्रंथालयीन मार्गाने बाहेर गेलेल्या प्रती, आपल्या पुस्तकांचा आधार घेतलेले प्रबंध आणि अभ्यासपत्रिकेत नव्याने आलेली शीर्षके यांची वेगळी वही सुरुवातीपासून ठेवावी. विद्यार्थ्यांची नावे तीत लिहू नयेत. वाचकाने काय वाचले हे गोपनीय आहे. अभ्यासक्रमाचा क्रमांक आणि दिनांक पुरेसा आहे.

चाचणी-यादीतली वीस नावे दर वर्षी जुलैत पुन्हा शोधून पाहावीत, कारण ग्रंथालयाची शोधयंत्रणा बदलली की सुधारलेल्या नोंदीही कधी कधी सापडेनाशा होतात. आमच्याकडे गेल्या बदलात वीसपैकी सहा नावे गायब झाली होती आणि ती पूर्ववत व्हायला ऑक्टोबर उजाडला.